गवतातला उंबरा

१२ जानेवारी

दगडोबा,

अनेक आशीर्वाद. 'उत्तम' मुद्दामच लिहिलं नाही, ते तू येशील तेव्हासाठी राखून ठेवलंय. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा उमटतात आणि पुढे ढिम्म काही नाही. म्हणून शेवटी पोस्टाची पायरी चढले. फाडायचंच असेल तर आधी वाच आणि मग फाड.

आधीच सांगते, जमिनीवरून भांडायला लिहीत नाहीये. आईने जमीन विद्यापीठाला दिली, राखीव रान म्हणून दिली, तो विषय संपला. मी फाटकाजवळच्या दोन खोल्यांत आहे. मरेपर्यंत इथं राहायचा हक्क दानपत्रातच लिहिलेला आहे, तेव्हा माझी काळजी नको. करत असशील असंही नाही म्हणा.

सकाळी विद्यापीठाची बस येते. मुलं-मुली उतरतात आणि गवत मोजतात. हसू नकोस, खरंच मोजतात. पाइपची एक चौकट जमिनीवर टाकायची, तिच्यात काय काय उगवलंय ते लिहून घ्यायचं, की पुढची जागा. आपण लहानपणी दिवसभर हेच करत होतो, तेव्हा आईने पाठीत धपाटे घातले. ह्यांना पदवी मिळते. ते सगळ्या रानाला 'उघडी प्रयोगशाळा' म्हणतात.

आता लिहायचं कारण. आपलं घर होतं तिथं गुडघाभर गवत आहे. तू पाहिलेलं नाहीस म्हणून सांगते, विटा, फरश्या, पायाचे दगडसुद्धा ट्रकने गेले. खड्डे भरले, वर बी पेरलं. नवख्याला सांगितलं की इथं पाच खोल्यांचं घर होतं, तर तो मलाच वेड्यात काढेल. आणि मुलांना मी सांगितलेलंही नाही. त्यांच्या प्राध्यापकबाईंनी बजावलंय, इथं पूर्वी काय होतं ते मुलांच्या कानावर घालू नका, नाहीतर ती डोळ्यांनी बघायच्या आधीच मनाने बघून मोकळी होतात.

तर परवा एक उंच मुलगा, मी त्याला लंबू म्हणते, माझ्याकडे पाणी मागायला येत होता. मोकळं सपाट गवत. एका जागी त्याने पाय चांगला उंच उचलला, पलीकडे टाकला आणि चालत राहिला. मला वाटलं दगड असेल. त्याच्या मागून चष्मेवाली आली. तिनेही तिथंच पाय उचलला. मग आणखी दोघी. गप्पा मारत होत्या, एकीचंही लक्ष खाली नव्हतं. ती जागा कुठली ते तुला सांगायला नको. तिथंच अडखळून तू पुढचा दात पाडून घेतला होतास.

मुलं गेल्यावर मी जाऊन हात फिरवून पाहिला. गवतच होतं रे, दुसरं काही नाही.

एकदा येऊन जा. 'या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही' म्हणून गेलास, मान्य आहे. पण बाबा, पाय ठेवायला आता घर कुठं आहे? भांडायला ये हवं तर. माझ्याशी भांडायला इथं कोणी उरलेलं नाही.

ताई


२ मार्च

दगडोबा,

तुझ्याकडून काही नाही. ठीक आहे. भिंतीशी बोलायची मला सवय आहे, आणि आज विषयही भिंतींचाच आहे.

रानाच्या मधोमध ह्या लोकांनी पक्षी बघायला लोखंडी मनोरा उभा केलाय. प्राध्यापकबाई मला आग्रहाने वर घेऊन गेल्या. चाळिशीची बाई आहे, तुरतुरीत. कसलीही गोष्ट सांगितली तरी हसत नाही आणि मानही डोलावत नाही, 'कशावरून?' विचारते. गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत मी चढले आणि खाली पाहिलं, तर कठडाच घट्ट धरला. मुलांच्या येण्याजाण्याने गवतात पायवाटा पडल्या आहेत. त्या वाटांनी आपलं घर काढलंय. बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, आईची खोली. स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत सरळ गेलं तर चार पावलं होतात, पण एकही वाट सरळ जात नाही. सगळ्या वळसा घालून दारातून जातात.

"तुमचं घर असंच होतं ना?" बाईंनी विचारलं. दानपत्राला जोडलेला नकाशा त्यांनी पाहिलेला होता.

मी म्हटलं, "असंच होतं. आता तुम्हीच सांगा, हे काय आहे?"

"ताई, हे तुम्हीच केलंय," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी चहाचा कप घेऊन तुम्ही तिथं चालता. पायांना सवय आहे, म्हणून नसलेल्या भिंती टाळता. गवत दबतं. मुलं दबलेल्या गवतावरून चालतात. इतकं साधं आहे."

मला पटलं बघ. बरंच वाटलं. चालते खरी मी रोज, खोटं कशाला बोलू. जन्म गेला त्या घरात, पाय आपोआप वळतात.

मग खाली त्यांच्या हॉलमध्ये त्यांनी भिंतीवरचा मोठा नकाशा दाखवला. जिथं जिथं चौकट टाकून झाली तिथं एक ठिपका. कुठं टाकायची ते मुलं ठरवत नाहीत, चिठ्ठ्या काढून ठरतं, म्हणजे कुणाच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. सगळा नकाशा ठिपक्यांनी भरलाय. मधे एक चौकोन तेवढा कोरा. भिंतीवरचा जुना फोटो काढल्यावर मागे जशी जागा उरते तसा. तिथल्या चिठ्ठ्या निघाल्या नाहीत असं नाही. निघाल्या, मुलं गेली, आणि प्रत्येकाने थोडं अलीकडे नाहीतर थोडं पलीकडे चौकट टाकली. 'जागा चुकली' म्हणाली.

तो कोरा चौकोन म्हणजे तुझी खोली.

हे मी बाईंना सांगितलं नाही. नकाशावर ती त्यांना दिसतेच. तिचं दार बंद होतं एवढं नकाशावर नाही.

आणि कालची गोष्ट. सकाळी पाहते तर उंबऱ्याच्या जागी बुटांची रांग. नीट जोडीजोडीने लावलेले. मुलं आपली अनवाणी गवतात. मी ओरडले, "अगं काटे आहेत! बूट कशाला काढलेत?"

चष्मेवालीने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "काढले होय?" म्हणाली. मग हसून म्हणाली, "आत येताना काढतोच ना आपण."

"आत कुठं?"

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. नंतर दिवसभर ती बसमध्ये बसून राहिली.

मी काय सांगते ते हसण्यावारी नेऊ नकोस. ये एकदा.

ताई


२१ एप्रिल

दगडोबा,

तुझं कार्ड आलं. तीन ओळी! हात भरून आला असेल. "मे महिन्यात सुट्टी आहे. घर नाहीच म्हणतेस तर येऊन जाईन. तब्येतीला जप." चारदा वाचलं, मग डब्यात ठेवलं.

पण आता येऊ नकोस.

रागावू नकोस, नीट ऐक. माझा घोटा मुरगळलाय, प्लॅस्टर आहे, तू आलास तर तुला धड दोन घास करून घालता यायचे नाहीत. उन्हाने जीव नकोसा झालाय. पाण्याची ओरड आहे. शिवाय खोल्यांचं रंगकाम काढलंय, बसायला जागा नाही.

घोटा कसा मुरगळला म्हणशील तर सांगते. बाईंचं म्हणणं पटलं होतं ना, तर म्हटलं आपली खोड आपणच मोडू. सवय म्हणजे सवय, मोडली की वाटाही मोडतील. कप ठेवला आणि स्वयंपाकघरातून नाकासमोर चालत निघाले, दाराकडे न वळता. पुढचं आठवतं ते आडवी पडल्यावरचं. घोटा सुजला आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ. डॉक्टर म्हणाले, "गवतावर पडलात आणि कपाळाला टेंगूळ?" मी म्हटलं, दगड होता.

मी अंथरुणाला खिळले त्याचा बाईंना आनंदच झाला. वाईट नाही त्या, पण आनंद झाला. कारण आता मी चालणार नव्हते. त्यांनी यंत्र लावून सगळं गवत जमिनीबरोबर कापून घेतलं, वाटेची खूणसुद्धा ठेवली नाही. दुसऱ्या विभागाची, इथं कधीच न आलेली मुलं मागच्या फाटकाने आणली. मला पडदे ओढून आत बसायला सांगितलं. टँकरचं पाणी घालून गवत वाढू दिलं, मुलं चालू दिली.

परवा मनोऱ्यावरून काढलेला फोटो त्यांनी मला दाखवला. तेच घर रे. तेच उंबऱ्यावर उचललेले पाय, तोच वळसा, तोच कोरा चौकोन. माती खोदून तपासली, ती आतली-बाहेरची सगळी सारखीच. दोन दिवस बाई आपल्या वह्या उलटसुलट चाळत होत्या. मग मला म्हणाल्या, "ताई, हे एवढ्यात कुणाला सांगायचं नाही. कारण सापडल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

आणि त्यांनी काय केलं माहीत आहे? तुझ्या खोलीभोवती दोरी बांधली आणि पाटी लावली. 'तुलनेचा चौकोन. आत पाय ठेवू नये.' माणसाच्या पायांनी रानाचं काय होतं ते कळायला, जिथं कुणाचाच पाय पडला नाही अशी जागा शेजारी लागते म्हणे. अशी जागा मागून मिळत नाही, इथं आपोआप तयार झालीय, तेव्हा ती त्यांना सोन्यासारखी आहे. पुढची सगळी वर्षं त्या चौकोनावर त्यांचं काम उभं राहणार. म्हणजे तुझ्या खोलीला पुन्हा बाहेरून कडी लागली. ह्या खेपेला विद्यापीठाने लावली.

तेव्हा मे नको. रस्त्यांची दैना झालीय सध्या, गाडीचाही त्रास होईल. मी कळवते केव्हा ते.

ताई


९ जून

दगडोबा,

रंगकाम वगैरे काही नव्हतं.

"आधी ये ये म्हणून कान किटवलेस, आता नको म्हणतेस, तुझं तुला तरी कळतं का?" असं तू लिहिलंस. बरोबर लिहिलंस. आता सांगते, मधे थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तू भांडून गेलास त्या संध्याकाळी आईने तुझ्या खोलीचं दार ओढलं आणि वरची कडी घातली. म्हणाली, "हे आता तोच उघडेल." मग रोज सकाळी चहाच्या आधी ती त्या दारापाशी जाऊन उभी राहायची. बोलायची नाही, रडायची नाही. दारावर तळवा टेकून उभी. मी चहा गाळला की यायची. घरात तो शिरस्ताच झाला होता.

मग तिने जमीन द्यायचं काढलं, आणि अट घातली की घर पाडायचं. वकील म्हणाले, अहो चांगलं मजबूत घर आहे, मुलांना उतरायला होईल. ती हटून बसली. तुला वाटलं, आईने रागाने तुझं नाव पुसलं. मलाही तसंच वाटायचं. पाडायच्या आदल्या दिवशी मी तिच्यावर चिडले, तेव्हा ती काय म्हणाली ते ऐक. म्हणाली, "घर आहे तोवर तो येणार नाही. शब्दाचा पक्का आहे, माझ्यावर गेलाय. घरच नसलं तर पाय कशात ठेवणार? मग रानात येईल की. रानात येणार नाही असं कुठं म्हणालाय तो?"

तू यावंस म्हणून तिने राहतं घर पाडलं रे दगडा.

मी म्हटलं, मग त्याला कळव तसं. तर म्हणते कशी, "सांगून बोलावलेला मला नको." आणि मला शपथ घातली. मी आजवर पाळली. तूच एकटा शब्दाचा पक्का आहेस असं समजू नकोस.

कामकऱ्यांनी तुझ्या खोलीपाशी येऊन विचारलं, आजी, कडी काढू? तिने काढू दिली नाही. छप्पर काढलं, भिंती काढल्या, दार मात्र चौकटीसकट उभं. उघड्या माळावर एकटं दार, कडी घातलेलं. शेवटच्या दिवशी ते तसंच उचलून ट्रकवर चढवलं. म्हणजे ते दार कुणी उघडलंच नाही, आजतागायत.

त्यानंतर ती माझ्याबरोबर ह्या दोन खोल्यांत राहिली आणि फाटकाकडे बघत बसली. तू आला नाहीस. ती गेली तेव्हाही विमानाचं कारण सांगितलंस. जाऊ दे.

आता चहाचं. मी रोज दोन कप नेते. प्राध्यापकबाईंना एकच दिसतो, कारण दुसरा मी पदराआड धरते. स्वयंपाकघराचा ओटा होता त्या जागी मी एक सपाट दगड आणून ठेवलाय, त्यावर आईचा कप ठेवते. शेवटी शेवटी डॉक्टरांनी साखर बंद केली होती तरी चोरून दोन चमचे घ्यायची, तसाच करते. पहिल्यांदा नुसतं मन रमवायला केलं. पण त्या कपाला मुंग्या येत नाहीत. माझ्या कपाला येतात, बशीत सांडलेल्या थेंबाला येतात, शेजारच्या दगडावर रांग लागते. तो कप संध्याकाळपर्यंत तसाच उघड्यावर राहिला तरी त्याला मुंगी शिवत नाही.

आणि तुझ्या खोलीच्या दारासमोर, दोरीच्या अलीकडे, जमीन झिजलेली आहे. दोन पावलांएवढी. मुलं तिथं थांबत नाहीत, मी थांबत नाही. तिथं गवताची काडी उगवत नाही.

म्हणून मी तुला नको म्हटलं. तू समजतोस तसं नाही. मला ती हवी आहे. प्लॅस्टरमध्ये पडले होते तेव्हा सगळ्यात जास्त हेच खुपत होतं, की तिला चहा मिळत नाही. माझं इथं दुसरं कोण आहे? तुझी बायको आहे, घर आहे, नोकरी आहे. मला सकाळचे दोन कप आहेत. आणि मी विचार करून करून एवढं ताडलंय की विटा पाडून झाल्या तरी तुझा शब्द कुणी पाडला नाही, म्हणून ते घर उभं आहे. तू आत पाय टाकलास की ते जाईल. मग तीही जाईल.

आता तुला माहीत आहे. वाटल्यास वेडी म्हण.

ताई


३ ऑगस्ट

दगडोबा,

ये.

विद्यापीठाला सुट्टी होती. दोन महिने इथं कुणी फिरकलं नाही. पाऊस चांगला झाला, गवत कमरेपर्यंत आलं, वाटा बुजल्या. मनोऱ्यावरून पाहिलं तर सगळं एकजात हिरवं, घराचा मागमूस नाही. फक्त ती दोन पावलांची जागा तशीच उघडी. उलट आणखी खोल गेलीय. पाणी साचतं तिच्यात.

आज सकाळी मी तिथं गेले, पहिल्यांदाच. तिच्या शेजारी उभी राहिले म्हण ना. पाचच मिनिटं उभी राहिले तर माझे गुडघे बोलायला लागले. मग लाज वाटली मला. मी तिला चहा पाजते, तिच्याशी गप्पा मारते, आणि ती तिकडे दाराला तळवा लावून उभी, ऊन म्हणत नाही, पाऊस म्हणत नाही. माझ्यासाठी नाही राहिलेली ती. मी गोड मानून घेतलं एवढंच.

बसू दे रे तिला आता. ये आणि दार उघड. पाटीकडे बघू नकोस. बाईंचं काय करायचं ते मी बघते.

शब्द मोडायला लागेल तुला, ह्या वेळी पळवाट नाही. घर आहे. मी जानेवारीत तुला नाही म्हणून लिहिलं होतं, पण आहे.

ताई


३० सप्टेंबर

माझ्या शहाण्या दगडोबा,

अनेक उत्तम आशीर्वाद. कबूल केल्याप्रमाणे.

जाताना तू घाईने गेलास, धड बोलणं झालं नाही. तुला काय दिसलं ते तू सांगितलंस, "नुसतं गवत आहे गं ताई." मला काय दिसलं ते आता ऐक.

तू फाटकातून आलास, केस पांढरे, पोट सुटलेलं. मी ओळखलंच नाही क्षणभर. मग तू उंबऱ्यापाशी थांबलास आणि बूट काढलेस. मी काही बोलले नव्हते. बाहेरच्या खोलीतून मधल्या खोलीत दाराने गेलास, कमरेएवढ्या गवतातून, कुठंही न चुकता. त्या झिजलेल्या जागेच्या अगदी अलीकडे थांबलास. तिच्यात पाय ठेवला नाहीस, तिच्या बाजूला उभा राहिलास, कुणाला धक्का लागू नये तसा. हात वर केलास. आणि मला विचारलंस, "ताई, कडी डावीकडे ओढायची की उजवीकडे?"

मी म्हटलं, "डावीकडे."

तू ओढलीस. दोरी ओलांडलीस. प्राध्यापकबाई मागून किंचाळल्या, "अहो! अहो, आत जाऊ नका!" त्यांच्या पुढच्या सगळ्या वर्षांच्या कामावर तू पाय देऊन उभा होतास. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, बाई, त्याची खोली आहे. त्या रडल्या रे. मग तूही तिथं गवतात मटकन बसलास आणि तोंड झाकून घेतलंस, ते मी पाहिलेलं नाही असं समजू या.

आता पुढचं. दुसऱ्या दिवशी मुलं आली आणि कशीही चालत सुटली. उंबऱ्यावर कोणी पाय उचलला नाही. लंबू तर आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून आरपार गेला. मीही गेले. काही लागलं नाही. कपाळावर हात धरून चालले होते उगाच. बाईंनी पाटी स्वतः काढली आणि दोरी गुंडाळून ठेवली. मला म्हणाल्या, "कारण सापडलं नाही ते नाहीच." हल्ली दुपारी माझ्याकडे येऊन बसतात.

तिसऱ्या दिवशी मी सवयीने दोन कप नेले. दगडावर ठेवला तिचा. वळून बघते तो कपाला काळी किनार, मुंग्याच मुंग्या. मी तिथंच बसून राहिले. एवढं मोकळं मोकळं मैदान, मला आपलं कुठं बसावं तेच कळेना. घर पाडलं तेव्हा मी रडले नव्हते, तो हिशेब त्या दिवशी चुकता केला. आपणच बोलावलं, आपणच धाडलं, आता तोंड कुणापुढे उघडायचं?

तर काल तुझ्या बायकोचा फोन आला. तू सुखरूप पोचलास, माझ्या लोणच्याची बरणी फुटली नाही, वगैरे झालं. मग बोलता बोलता हसायला लागली. म्हणाली, "ताई, आमच्याकडे गंमतच झालीय. हॉलमध्ये खिडकीजवळ एक जागा आहे, काही ठेवलेलं नाही तिथं, पण आठवडाभर सगळे तिला वळसा घालून जातात. काल गॅस सिलिंडरवाला आला, तोसुद्धा वळून गेला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, आजी बसल्या असतील असं वाटलं." मग म्हणाली, "आणि तुमचे भाऊ चहाचा कप तिथंच जमिनीवर विसरले होते, दिवसभर. एरवी ओळ लागते, पण एक मुंगी नाही! औषध मारल्याचा गुण दिसतोय."

मी हो म्हटलं. चांगलं औषध आहे म्हटलं.

तिला अजून काही सांगू नकोस, घाबरेल. सावकाश सांग. आणि त्या जागी खुर्ची, टीव्ही, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. खिडकी सकाळी उघडायची, तिला वारा लागतो. संध्याकाळी ऊन येत असेल तर पडदा ओढ. कप मी आजच पार्सलने पाठवलाय, जुन्या साडीत गुंडाळून. कानाजवळ टवका उडालाय तो, टाकून देऊ नकोस, तिला त्याचीच सवय आहे.

साखर दोन चमचे घाल. आता डॉक्टर काही म्हणणार नाहीत.

आणि रोज सकाळी ऑफिसला जाताना तिला सांगून जात जा.

ताई